गाण्याचे नाव-गाव

बोईसर-तारापूर हे नाव काढले की आपल्यापैकी बहुतेकांना प्रथम आठवते ती वीज. १९६९ साली तारापूरच्या किनाऱ्यावर देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरच्या बाजूला कारखान्यांची वसाहत पसरली आणि स्टेशनावर गर्दी मावेनाशी झाली. पण त्याच स्टेशनातून समुद्राकडे न जाता पूर्वेकडे वळलात, डहाणू, विक्रमगड, जव्हारच्या डोंगरांकडे निघालात, की भाताची कापणी उरकल्यावर, दिवाळीच्या सुमारास, एक निराळाच आवाज कानी पडतो. तो तारप्याचा. वाळलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा, आणि सांधे बुजवायला मेण. एवढ्या सामग्रीत हे वाद्य तयार होते. वाजवणारा मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती. नाचता नाचता त्याच्याकडे पाठ करायची नाही, असा दंडक. तुम्ही कधी तारपा ऐकला नसेल, पण पाहिला मात्र नक्की असेल: वारली चित्राच्या मधोमध उभा असलेला तो वादक, आणि त्याच्याभोवती गुंडाळत गेलेली माणसांची माळ.

आता हा तारपा पाड्यावरच राहिलेला नाही. तो मोबाईल फोनमध्ये शिरला आहे. ज्यांना ‘स्ट्रीमिंग सेवा’ म्हणतात त्या गाण्यांच्या पेढ्यांवर तो जाऊन बसतो, आणि पुण्याचा किंवा लंडनचा मनुष्य बोटाच्या एका टोच्याने तो ऐकू शकतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे? ध्वनिमुद्रण करायचे आणि पाठवून द्यायचे. पण तसे नाही बरं का! नुसता आवाज पाठवला तर ही पेढी तो दारातूनच परत करते. आवाजाबरोबर एक कागद जावा लागतो. तो हल्ली खरा कागद नसतो, पडद्यावर भरायचा तक्ता असतो; इंग्रजीत आणि आता आपल्याकडेही त्याला ‘मेटाडेटा’ म्हणतात. मी त्याला गाण्याचे नाव-गाव म्हणतो. गाण्याचे नाव काय, गायले कोणी, वाजवले कोणी, शब्द कोणाचे, चाल कोणाची, भाषा कोणती, कोणत्या साली प्रसिद्ध झाले, आणि मालक कोण. गाणे कोणाचे, पैसा कोणाकडे जायचा, हे यंत्र कान लावून ठरवत नाही. हा कागद वाचून ठरवते. म्हणून कागदात जो चुकला तो गाण्यात असूनही नसल्यासारखाच.

हा कागद काही आजचा नव्हे. त्याची कुळकथा मोठी गमतीची आहे, आणि ती ऐकल्याशिवाय आजच्या तक्त्यातले निम्मे रकाने कशासाठी आहेत ते उमगत नाही.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गेसबर्ग कलकत्त्यात येऊन दाखल झाले. गौहरजान त्यांच्या कर्ण्यासमोर गायल्या, आणि तीन मिनिटांचे गाणे संपता संपता त्यांनी इंग्रजीतून आपले नाव ठणकावून सांगितले. पुढे अनेकांना तो बाईंचा तोरा वाटला. खरे कारण अगदी व्यवहाराचे होते. त्या वेळी हिंदुस्थानात तबकड्या निघत नसत. मेणावर उमटवलेले मूळ मुद्रण बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि तिथले कारागीर त्यावरून तबकड्या काढीत. त्यांना ना आपली भाषा समजे, ना आवाजावरून गाणारी ओळखू येई. चिठ्ठ्या सरमिसळ झाल्या तर? म्हणून नाव आवाजातच बांधून पाठवायचे. थोडक्यात, आपल्याकडचा पहिला ‘मेटाडेटा’ गाणारणीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला आहे! १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, तबकडीचे जन्मस्थान घराजवळ आले, आणि हळूहळू तोंडाने नाव सांगायची रीत मागे पडली. नावाची जागा मधल्या गोल कागदी चिठ्ठीने घेतली.

या चिठ्ठीशेजारच्या कोऱ्या कडेवर बारीक आकडा कोरलेला असे, तो जुन्या तबकड्या जपणाऱ्यांना ठाऊक असेल. तो त्या मुद्रणाचा आकडा. चिठ्ठीवर छापलेला आकडा वेगळा. तो दुकानदाराकडे मागायचा, म्हणजे मालाचा आकडा. एकाच तबकडीच्या दोन बाजूंना दोन मुद्रणे, म्हणून मुद्रणाचे आकडे दोन. मालाचा आकडा बहुधा एक. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजच्या तक्त्यात हीच जोडी नवे कपडे घालून उभी आहे.

पण चिठ्ठी ती केवढी! तळहाताएवढा गोल, त्यात कंपनीचे चित्र सर्वांत ठसठशीत. उरलेल्या जागेत गाण्याचे नाव, राग, गाणाऱ्याचे नाव. तबला कोणी धरला, पेटीवर कोण होते, याला बहुतेक वेळा जागाच नाही. आणि गाणाऱ्याचे नाव तरी खरे असेल याची खात्री कुठे होती? १९४९ सालच्या ‘महल’ या चित्रपटाची गोष्ट प्रसिद्ध आहे. खेमचंद प्रकाश यांचे संगीत, आणि ते झपाटून टाकणारे गाणे. तबकडीवर गायिकेचे नाव काय छापले? तर ‘कामिनी’. म्हणजे मधुबालाने पडद्यावर जी भूमिका केली त्या पात्राचे नाव! गाणे नभोवाणीवर लागू लागले आणि श्रोत्यांची पत्रे येऊ लागली: ही गाणारी कोण? नभोवाणीलाही ते माहीत नव्हते. चिठ्ठीवर असेल तेच निवेदक सांगणार. शेवटी कंपनीकडे विचारणा झाली, आणि लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांना कळले. ज्या आवाजाला पुढे साऱ्या देशाने डोक्यावर घेतले, त्याचेच नाव-गाव एका चिठ्ठीने गिळले होते. श्रोत्यांनी पत्रे लिहायचा आळस केला असता तर? त्यानंतर पार्श्वगायकांची नावे तबकडीवर येऊ लागली, ती कोणी आपण होऊन दिली नाहीत. मागून, भांडून घ्यावी लागली.

याच लताबाईंची दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना ‘आनंदघन’ नावाचे कोणी संगीतकार चाली देत. १९६५ सालच्या ‘साधी माणसं’ला राज्य शासनाचा संगीताचा पुरस्कार मिळाला, नाव पुकारले गेले, आणि आनंदघन म्हणजे खुद्द लता मंगेशकर हे सर्वांना समजले. टोपणनाव घेणे हा कलावंताचा हक्कच आहे. पण आजच्या तक्त्यात आनंदघन एक आणि लता मंगेशकर दुसरी, अशी दोन माणसे होऊन बसतात. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे कोणीतरी नोंदवून ठेवावे लागते. म्हणूनच गीतकार-संगीतकारांच्या संस्था सभासदाला स्वतंत्र क्रमांक देतात आणि त्याखाली त्याची सगळी नावे लिहितात.

आता एक नाजूक भेद. गाणे म्हणजे काय आणि मुद्रण म्हणजे काय? गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे केंद्रावरून पहिले गीत गेले. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पण गाणारे अनेक होते: माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे आणि आणखी कितीतरी. पुढे बाबूजींनी स्वतःच्या आवाजात हीच गीते ध्वनिमुद्रित केली, आणि पुष्कळांच्या कानांत तीच घर करून राहिली. म्हणजे पाहा, गीत तेच, चाल तीच, मुद्रणे मात्र निराळी. कवी आणि संगीतकार यांचा हक्क गीतावर. गाणाऱ्याचा आणि मुद्रण करवणाऱ्याचा हक्क त्या त्या मुद्रणावर. म्हणून गीताला एक क्रमांक आणि प्रत्येक मुद्रणाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. एकाचा क्रमांक दुसऱ्याला चिकटला, की एकीच्या गाण्याचे नाव आणि दाम दुसऱ्याच्या पदरात पडते, आणि चोरी कोणी केलेलीच नसते!

मुद्रणाच्या या क्रमांकाला ‘आयएसआरसी’ म्हणतात. १९८६ साली तो जगभरासाठी ठरवला गेला. बारा अक्षर-अंकांचा हा क्रमांक असतो: आरंभी देशाची दोन अक्षरे, मग ज्याने तो दिला त्याची तीन, मग वर्षाचे दोन अंक, आणि शेवटी पाच अंकी अनुक्रम. तबकडीच्या कडेवर कोरलेला आकडा तो हाच. आणि अख्ख्या अल्बमला मालाचा जो बारकोड लागतो, दुकानातल्या साबणाच्या वडीवर असतो तसलाच, तो चिठ्ठीवरच्या आकड्याचा नातू. कंपन्या आणि पेढ्या यांनी हे सारे रकाने एकाच साच्यात पाठवावे म्हणून २००६ मध्ये ‘डीडीईएक्स’ नावाची संस्था स्थापन झाली. साचा किचकट आहे खरा, पण भरणाऱ्याला तो दिसत नाही. वितरकाच्या पडद्यावरचा साधा तक्ता भरला की आत त्याचा साचा तयार होतो. एकट्या-दुकट्याने थेट पेढीच्या दारात जाता येत नाही. मध्ये वितरक लागतो.

कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली एक कलम आले. कॅसेटचा तो काळ होता; रेल्वेच्या पुलाखाली नक्कल केलेल्या कॅसेटींचे ढीग लागलेले असत. कलमाने सांगितले: ध्वनिमुद्रणावर मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कदाराचे नाव-पत्ता, आणि प्रथम प्रसिद्धीचे साल छापलेच पाहिजे. चांगले झाले. पण नीट वाचून पाहा, यात गाणाऱ्याचे नाव कुठे आहे? चोर पकडायला मालकाचे नाव पुरते; गाणाऱ्याची आठवण कायद्याला तेव्हा झाली नाही. ती २०१२ च्या दुरुस्तीत झाली. सादर करणाऱ्याला ‘हे मी गायले, हे मी वाजवले’ अशी ओळख मागण्याचा हक्क तेव्हा स्पष्टपणे मिळाला. गौहरजानने आपले नाव सांगितल्याला त्या वेळी एकशे दहा वर्षे झाली होती.

एवढी शिदोरी घेऊन आता पुन्हा डोंगराकडे जाऊ. समजा, बोईसरच्या एखाद्या हौशी पोराने, कारखान्याच्या पाळीतून सुटी काढून, पाड्यावर जाऊन तारपा ध्वनिमुद्रित केला. यंत्र चांगले, वारा नव्हता, कोंबडा आरवला तेवढेच. रात्री खोलीत बसून तो तक्ता उघडतो. पहिला रकाना: शीर्षक. इथेच हात अडखळतो, कारण तारप्याच्या वाजवण्याला शीर्षक नसते, चाल असते. मग पोरगा आपल्या मनाने ‘न्यू सुपरहिट आदिवासी तारपा लग्न स्पेशल’ असे काहीतरी ठोकून देतो. पेढीवाले असले जाहिरातबाज शीर्षक बहुधा परत पाठवतात, आणि मला वाटते योग्य तेच करतात. वादकाला विचारावे: दादा, या चालीला तुम्ही काय म्हणता? तो जे सांगेल तेच शीर्षक, त्याच उच्चाराने, देवनागरीत; आणि रोमन लिपीत लिहायचे ते एकदा ठरवून कायम तसेच.

दुसरा रकाना कलाकाराच्या नावाचा. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे नामवंत तारपावादक; २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तारप्याचे नाव देशभर छापून आले. पण रोमन लिपीत त्यांचे नाव पाहा: कुठे मधले नाव आहे, कुठे गाळलेले, ‘लाडक्या’चे स्पेलिंग कुठे एक, कुठे दुसरे. आपण माणसाला ओळखतो, म्हणून आपले काही अडत नाही. यंत्र मात्र प्रत्येक स्पेलिंगचा वेगळा माणूस उभा करते, आणि ऐकणारे वाटले जातात. उलटही होते. एकाच पट्ट्यात एकाच नावाचे तीन वादक निघाले, तर तिघांची गाणी एकाच्या पानावर जाऊन बसतात. म्हणून कलाकाराचे पान आधीच तयार असेल तर त्याचा धागा तक्त्यात जोडावा लागतो. नसेल तर ‘नवा कलाकार’ अशी खूण करावी लागते. दोन मिनिटांचे काम आहे, पण हे राहिले तर पुढे महिनोन् महिने पत्रव्यवहार.

मग येतो खरा कस पाहणारा रकाना: संगीतकार आणि गीतकार. सगळेजण इथे डोळे झाकून एक शब्द लिहितात, ‘पारंपरिक’. हा शब्द खोटा नाही. तारप्याची चाल बापाकडून मुलाकडे आलेली असते. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते, ती बाई पुरोहितही असते आणि गायिकाही. तिने पद शिकलेले असते ते दुसऱ्या धवलेरीच्या मागे बसून. घांगळीवर कणसरीची कथा लावणारा भगत तरी ती स्वतः रचतो असे थोडेच म्हणतो! म्हणून मूळ पद पारंपरिक, हे मान्य. पण पारंपरिक या शब्दाच्या मागे पुष्कळजण लपतात. धवलेरीने लग्न पाहून चार ओळी नव्या जोडल्या, त्या कोणाच्या? आणि तिच्या पदामागे ढोल घालणारा जर ‘संगीतकार’ म्हणून स्वतःचे नाव लिहीत असेल, तर तिचे नाव ‘पारंपरिक’ या गोणीत का कोंबायचे? माझे मत विचाराल तर असे लिहावे: मूळ पद पारंपरिक, जोड दिली असेल तर गीतकारात तिचे नाव, गायिका म्हणून तर तिचे नाव पहिलेच, आणि ढोलवाल्याचे नाव संगीतकार म्हणून नव्हे, संगीत-संयोजक म्हणून. तक्त्यात या सगळ्यांना वेगवेगळ्या जागा आहेत. तबकडीच्या चिठ्ठीवर जागा नव्हती ही सबब आता चालायची नाही.

याला लागूनच मालकीचा रकाना आहे, आणि त्यावर तर पाड्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. कायद्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने ते करवले तो. म्हणजे तारपा वाजवणाऱ्याने आयुष्य घातले, आणि मुद्रणाचा मालक यंत्र घेऊन आलेला पोरगा! हे कायदेशीर आहे, पण अटळ नाही. वाजवण्याआधी एका कागदावर ठरवता येते की मालकी निम्मी-निम्मी, किंवा सगळी वादकाची आणि पोराला मेहनताना. हे मराठीत लिहावे, वाचून दाखवावे, पाड्यावरच्या शिकल्या-सवरल्या दोघांची साक्ष घ्यावी. मग तक्त्यात गोलातल्या ‘पी’पुढे साल आणि नाव लिहिताना हात कापत नाही. पैशाबद्दल मात्र कोणाला भुलवू नये. स्पॉटिफाय ही सेवा २०१९ साली भारतात आली. २०२४ पासून तिचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला मुद्रणाचा मोबदलाच नाही. हजाराच्या आतले गाणे नावापुरते जगते. म्हणून तरी नाव बिनचूक हवे.

भाषेचा रकाना वरकरणी सोपा. नुसता तारपा असेल तर शब्दच नाहीत, तसे लिहिण्याची सोय असते. पण धवलेरीचे पद? पुष्कळ तक्त्यांत भाषांची ठरीव यादी असते. तिच्यात वारली नसली तर नाइलाजाने मराठी निवडावी लागते. वास्तविक भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत मराठीचा ‘एम-ए-आर’ आहे तसा वारलीचा ‘व्ही-ए-व्ही’ हा स्वतंत्र संकेत आहे. यादीत तो असेल तर तोच द्यावा. नसेल तर वितरकाला लिहून मागावा. ‘महल’च्या वेळी पत्रांनी काम झालेच होते ना?

साल आणि ठिकाण यांतही एक खोच आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीच्या कुठल्याही कॅसेटवर, फितीवर ‘ठाणे जिल्हा’ असेच असणार. जुने मुद्रण आज नव्याने पाठवताना मूळ प्रसिद्धीचे साल जुनेच लिहावे. कलाकाराच्या परिचयात आजचा जिल्हा लिहून कंसात जुना द्यावा, म्हणजे शोधणारा चुकत नाही.

राहता राहिले मुखपृष्ठ. तिथे तारपावाल्याचे वारली चित्र लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण कोणी काढले ते विचारून. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली खरी. त्याने शैलीला संरक्षण मिळते, एखाद्या माणसाचे चित्र फुकट वापरायची मुभा मिळत नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे २०१८ साली गेले, तोवर त्यांचे नाव देशोदेशी झाले होते. पण त्यांच्या शैलीतल्या हजारो चित्रांखाली आजही कोणाचेच नाव नसते.

आणि तक्ता पाठवल्यावर चूक ध्यानात आली तर? घाबरून गाणे काढून पुन्हा नव्याने चढवू नये. नाव दुरुस्त करावे, मुद्रणाचा क्रमांक मात्र तोच ठेवावा. नाहीतर आजवर जेवढ्यांनी ऐकले ती मोजणी शून्यावर येते. वितरकाकडे तपासणी, मग पेढीकडे तपासणी, यात दिवस जातात; तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत. पाड्यावर दिवाळीत तारपा वाजायला लागतो. तेव्हा ज्यांना त्याच दिवसांत तो फोनवरही ऐकू यावा असे वाटते, त्यांनी गणपती उठले की वादकाकडे जाऊन चालीचे नाव विचारून यावे.